उताऱ्याआधीची मिनिटं

३ मार्च, रविवार

आले बाई एकदाची! दोन बॅगा, पुस्तकांचं एक खोकं, आणि ही कोरी वही. वही बाबांनी दिली. म्हणाले, सात वर्षं पेशंटच्या नाडीच्या नोंदी लिहिल्यास, आता जरा स्वतःच्या नाडीच्या लिही. तर लिहिते.

हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालंय. भिंती नुकत्याच रंगवल्यात, वास अजून नाकात जातो. खिडकीतून खाली वाळत घातलेल्या चादरी दिसतात, वीस-पंचवीस तरी असतील, सगळ्या एका मापात ताणलेल्या. नळ गळतो. कपाटाचं दार लावलं की आपोआप उघडतं. पण दोन खिडक्या आहेत, उजेड आहे आणि शांतता इतकी, की दुपारी जेवल्यावर खुर्चीतच डोळा लागला. जुन्या हॉस्पिटलात छत्तीस-छत्तीस तास उभं राहायचे. तिथे लाल दिव्यापाशी गाडी थांबली तरी मला डुलकी लागायची. इथे काम काय, तर आठवड्यातून तीन सकाळी शॉकच्या पेशंटना भूल द्यायची. मनाच्या आजारांचं हॉस्पिटल, चाळीस खाटा, एकच मोठे डॉक्टर. त्यांच्या वडिलांनी ते सुरू केलं.

आईला फोन केला. तिचा नेहमीचा विनोद झाला: भूल देणं आणि भूल होणं, दोन्ही कामं आमच्या घरात एकच व्यक्ती करते.

दाराशी स्वागताला सिस्टर इनचार्ज उभ्या होत्या. त्यांना सगळे अक्का म्हणतात, मोठे डॉक्टरसुद्धा. साठीला टेकल्या असाव्यात. कांजी केलेला पांढरा गणवेश, बारीक चण, आणि आवाज इतका हळू की ऐकायला आपणच पुढे वाकायचं. त्यांनी पलंगावर चादर घालून ठेवली होती, थर्मासमध्ये चहा होता. बावीस वर्षं इथे आहेत. मी म्हटलं, बावीस वर्षांत कंटाळा नाही आला? त्यांनी हसून सांगितलं, की माणसं बरी होऊन घरी जाताना बघण्याचा कंटाळा येत नाही.

मला आवडल्या. इथे माझं बरं जमेल असं दिसतंय.

४ मार्च, सोमवार

पहिला दिवस, सहा पेशंट.

शॉक म्हटलं की लोकांना आरडाओरडा आठवतो. खरं तर इतकं शांत काम दुसरं नसेल. आधी शिरेतून झोपेचं औषध. पेशंट झोपला की स्नायू सैल करणारं औषध, म्हणजे झटका आला तरी हातपाय आपटत नाहीत, दात-हाडं सलामत राहतात. हे औषध श्वासाचे स्नायूही सैल करतं, म्हणून तेवढा वेळ पेशंटचा श्वास माझ्या हातात. उशाशी उभं राहायचं, तोंडावर मास्क धरायचा आणि फुगा दाबत राहायचा. कपाळाला काही सेकंद करंट, पायाची बोटं जराशी थरथरतात, संपलं. मग उलटं इंजेक्शन, म्हणजे सैल पडलेलं अंग पुन्हा माणसाच्या ताब्यात आणणारं. इथे त्याला उतारा म्हणतात. शब्द अक्कांचा, मला फार आवडला. बऱ्याच ठिकाणी आपसूक उतरणारं औषध वापरतात. इथे पहिल्यापासून जास्त वेळ टिकणारं वापरायची पद्धत, त्यामुळे उतारा द्यावाच लागतो.

अक्कांची तयारी बघून थक्क झाले. सहा ट्रे, प्रत्येकावर पेशंटचं नाव, भरलेल्या सिरिंजा ओळीत, प्रत्येकीवर मोत्यासारख्या अक्षरात चिठ्ठी. माझी सवय स्वतःची औषधं स्वतः भरायची. तसं बोलून दाखवलं तर त्यांचा चेहरा एवढासा झाला. दीड तासात सहा जण उरकायचे होते. म्हटलं, असू दे.

एकच गोष्ट जरा खटकली. उतारा दिल्यावर तीन-चार मिनिटांत पेशंट स्वतःचा श्वास घेऊ लागतो. इथे प्रत्येकाला नऊ-दहा मिनिटं लागली. अक्का म्हणाल्या, आपल्याकडचे जरा सावकाशच वर येतात, डॉक्टर. तेवढा वेळ त्या पेशंटचा हात हातात घेऊन, कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटत असतात. धीर देत असाव्यात. आजच्या शेवटच्या पेशंट शाळेतल्या बाई होत्या, त्यांच्या डोळ्यांतून सारखं पाणी गळत होतं. उताऱ्याच्या औषधानं लाळ-पाणी सुटतंच. अक्का कापसाच्या बोळ्यानं ते टिपत होत्या, अगदी आईच्या हातानं.

६ मार्च, बुधवार

आज नवीन पेशंट आला. घड्याळ दुरुस्त करणारा माणूस, वय पंचावन्न. दुकान आठ महिने बंद आहे. दीड महिन्यापासून जेवण जवळजवळ नाहीच, बायको चमच्यानं पेज भरवते. सारखं एकच सांगतात, की मी सगळ्यांवर ओझं आहे. मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं, औषधांची वाट बघायला आता वेळ नाही, शॉकच द्यायला हवेत.

ते टेबलावर चढेनात. मी जवळ स्टूल ओढून बसले. त्यांना शॉकची भीती नव्हती. त्यांनी मला विचारलं, ताई, मधेच जाग आली तर? अंग बांधल्यासारखं आणि आपण आत जागे, असं झालं तर?

मी हसले. म्हटलं, काका, सात वर्षांत माझ्या हातून एकालाही जाग आलेली नाही. माझ्यावर सोपवा आणि निवांत झोपा. त्यांच्या बायकोनं माझे दोन्ही हात धरले. मग ते चढले.

सगळं छान पार पडलं. यांनाही दहा मिनिटं लागली.

१३ मार्च, बुधवार

घड्याळजींचे चार शॉक झाले. काल ते अर्धी पोळी आपल्या हातानं जेवले. बायको कॉरिडॉरमध्ये मला मिठी मारून रडली. वॉर्डातलं भिंतीवरचं घड्याळ तीन मिनिटं पुढे आहे असं त्यांनी आज सकाळी स्वतःहून सांगितलं! मोठे डॉक्टर म्हणाले, की इथले निकाल सगळीकडे नावाजलेत, लांबून लांबून लोक येतात. खरंच येतात. पेशंट पंधरा दिवसांत सुधारतात, वेळेवर जेवतात, तक्रार म्हणून करत नाहीत. शाळेतल्या बाई परवा घरी गेल्या. जाताना मी हात पुढे केला. त्यांनी आधी अक्कांकडे पाहिलं, अक्कांनी मान हलवली, तेव्हा कुठे त्यांनी माझा हात हातात घेतला.

त्या दहा मिनिटांचं मात्र डोक्यातून जात नाही. माझा हिशेब कुठे चुकतोय का? सैल करणारं औषध मी कमी करून पाहिलं. फरक नाही. उताऱ्याचे ॲम्प्यूल बघितले, तारीख ठीक आहे. कंपनीचा माल हलका असेल. आणि सगळ्यांच्याच डोळ्यांतून पाणी येतं. एकही कोरडा नाही.

१५ मार्च, शुक्रवार

आज बरं वाटत नाहीये.

घड्याळजींचा पाचवा शॉक. करंट दिला पण झटका बसलाच नाही, पायाची बोटंसुद्धा हलली नाहीत. असं कधीकधी होतं. मोठे डॉक्टर म्हणाले, आज राहू दे, सोमवारी करंट वाढवू, आणि निघून गेले. मी उतारा दिला आणि फुगा दाबत राहिले. चार मिनिटं झाली. सहा झाली. नाडी वाढायला लागली. शंभर, एकशे वीस, एकशे चाळीस. मी अक्कांना म्हटलं, झोपेचं औषध संपत आलं असेल, मी आणखी देते. त्या त्यांच्या कानाशी वाकलेल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, कशाला, येतीलच आता. मी द्यायला सिरिंज भरेपर्यंत त्यांनी सलाईनची नळी धुतली, आणि खरोखरच दोन-तीन मिनिटांत श्वास आला.

डोळे उघडल्यावर घड्याळजींनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. शॉकनंतर माणूस अर्धा तास भांबावलेला असतो, नजर कुठे ठरत नाही. ही नजर ठरलेली होती.

त्यांची उशी दोन्ही बाजूंनी ओली होती.

१६ मार्च, शनिवार

त्यांनी मला सांगितलं. बायको चहा आणायला गेली होती तेवढ्यात, भिंतीकडे तोंड करून. मी जसं ऐकलं तसं लिहिते.

काल त्यांना जाग आली. दिवे आधी कळले, पापण्यांतून लाल. मग माझा मास्क, माझ्या हाताचा रबराचा वास. पापणी उचलावीशी वाटली, उचलेना. करंगळी हलेना. छातीत हवा येत होती, जात होती, पण ती ते घेत नव्हते, त्यांना दिली जात होती. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा ऐकू येत होता. आयुष्यभर तेच केलेलं, म्हणून मोजत राहिले. दोनशे सत्तर ठोके मोजले.

आणि कानात अक्का.

अक्का म्हणत होत्या: ऐकू येतंय ना? यायलाच हवं. आता मान फिरवता येणार नाही. बायकोला हाक मारता येणार नाही. तू जागा आहेस हे इथे कुणालाही माहीत नाही, त्या उशाशी उभ्या आहेत ना, त्यांनाही नाही. आता फक्त माझं ऐकायचं. पानात वाढलेलं सगळं संपवायचं. रडायचं नाही. घरच्यांना छळायचं नाही. नाही ऐकलंस, तर एक दिवस मी उतारा देणारच नाही.

मी म्हटलं, काका, शॉकनंतर असे भास होतात. माझं मलाच ते खोटं वाटलं. काल शॉक बसलाच नव्हता. म्हणून तर त्यांच्या लक्षात राहिलं. बाकीच्यांना शॉक बसतो, त्यानं त्या सकाळची आठवणच पुसली जाते. आठवत नाही, पण ऐकलेलं असतं.

मग ते म्हणाले, तुम्ही उशाशी गुणगुणत होतात, ताई. कुठलं गाणं तेही सांगितलं.

बरोबर होतं. फुगा दाबताना मी नेहमी गुणगुणते.

१८ मार्च, सोमवार

घड्याळजींना ताप आहे असं लिहून आजच्या यादीतून काढलं. ताप नाही.

माझं जुनं यंत्र बॅगेतून काढून आणलं. काडेपेटीच्या दुप्पट असेल. मनगटाच्या नसेला ते बारीक चिमटे काढतं. स्नायू ताब्यात असतील तर अंगठा चारदा उडतो, सैल असतील तर निपचित. अक्कांनी विचारलं, हे काय नवीन? मी म्हटलं, सवय राहावी म्हणून. चादरीखाली हात घालून लावलं.

पहिला पेशंट. झोपेचं औषध मी आज पुरेसं दिलं, वरून आणखी दिलं, कुणाला जाग येऊ देणार नव्हते. ट्रेमधला उतारा दिला. तीन मिनिटं, अंगठा नाही. पाच मिनिटं, नाही. सात. काहीच नाही, उतारा दिल्याची खूणसुद्धा नाही. अक्का कानाशी. मग त्या उठल्या, गणवेशाच्या खिशातून छोटी सिरिंज काढली, नळी धुते म्हणाल्या. मी फुगा दाबत राहिले. दोन मिनिटांत अंगठा एकदा उडाला. मग दोनदा. मग चारही वेळा.

ट्रेमधल्या सिरिंजमध्ये पाणी आहे. खरा उतारा त्यांच्या खिशात.

आणि ते डोळ्यांतलं पाणी औषधाचं म्हणून मी दोन आठवडे लिहीत होते. औषध तर अंगात गेलेलंच नव्हतं. ती माणसं रडत होती. माझ्या हाताखाली. मी गुणगुणत होते.

आईचा फोन येऊन गेला, उचलला नाही. काय सांगू.

२० मार्च, बुधवार

आज सहाही पेशंटचा उतारा मी घरून भरून आणला. एप्रनच्या आत ठेवला. ट्रेमधली सिरिंज उचलायची, आड करायची, माझी द्यायची. सहाच्या सहा जण चार मिनिटांच्या आत श्वास घेऊ लागले. अगदी नीट, नियमाप्रमाणे.

पहिल्या पेशंटच्या कानाशी अक्का वाकल्या आणि त्यानं डोळे उघडले. त्या तशाच थांबल्या, तोंड अर्धवट उघडं. मग सावकाश सरळ झाल्या आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. एखादं मूल खोटं बोलताना पकडलं की मोठं माणूस बघतं ना, तसं.

नंतरच्या पाच जणांच्या वेळी त्या कोपऱ्यात हात बांधून उभ्या होत्या.

ट्रेमधल्या सहा सिरिंजांपैकी एक टॉवेलात गुंडाळून बॅगेत ठेवली आहे. चिठ्ठीसकट.

२० मार्च, संध्याकाळ

मोठ्या डॉक्टरांकडे गेले होते. सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, अक्कांनी मला माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारात मुलासारखं सांभाळलंय. म्हणाले, मोठ्या हॉस्पिटलात तुमच्यावर खूप ताण पडला असणार. म्हणाले, पेशंट उशिरा जागे होतात ही तक्रार अक्कांनीच आधी माझ्याकडे केली होती, तुमच्याबद्दल. म्हणजे अक्कांना माहीत आहे, मी काय बोलणार ते. मी बोलायच्या आधी त्यांनी बोलून ठेवलंय.

परत आले तर दाराशी अक्का. मी आत घेतलं नाही. उंबऱ्याशीच उभ्या राहून त्यांनी सांगितलं, आणि मला पुढे वाकून ऐकावं लागलं. नेहमीसारखं.

त्यांचा धाकटा भाऊ. मन बिघडलेलं. अकरा वर्षं त्यांनी त्याला समजावलं, अकरा वर्षं तो भिंतीकडे तोंड फिरवून पडायचा. एका दुपारी चपला न घालता निघून गेला, तो गेलाच. मग इथे नोकरी लागली. एकदा एका बाईचं सैल पडलेलं अंग लवकर वर येईना. अक्का सहज तिच्याशी बोलत बसल्या. आठ दिवसांत ती बाई हसत घरी गेली.

त्या म्हणाल्या, वीज सगळीकडेच देतात, डॉक्टर. मग इथलेच का बरे होतात? कुणीतरी बोलतं आणि त्यांना तोंड फिरवता येत नाही म्हणून.

मी म्हटलं, अक्का, ते बरे होत नाहीत. ते तुम्हाला घाबरतात.

त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, तुमची मान फार फिरते, डॉक्टर. गेल्या.

दाराला आतून कडी घातली, पलंग ओढून दाराला लावला.

२१ मार्च, गुरुवार

झोप नाही. राजीनामा लिहिला. मेडिकल कौन्सिलला पत्र लिहिलं, पाकीट बंद केलं.

घड्याळजींच्या बायकोला गाठलं. सगळं नाही सांगितलं, सांगू शकले नाही. एवढंच म्हटलं, उद्या उजाडता इथून घेऊन जा, दुसऱ्या हॉस्पिटलची चिठ्ठी देते, तिथली भूल देणारी माझी मैत्रीण आहे. ती घाबरली. म्हणाली, पण ताई, इथे तर सुधारतायत. मी म्हटलं, मी त्यांना शब्द दिला होता आणि तो मोडला गेलाय. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि चिठ्ठी मागून घेतली.

दिवसभर अक्का दिसल्या नाहीत. दिसत नव्हत्या तेच जास्त वाईट. दुपारी वॉर्डातून जाताना प्रत्येक खाटेवरचा पेशंट पाठीवर सरळ झोपलेला, डोळे छताकडे. सगळे जागे. एकानंही मान वळवली नाही.

२२ मार्च, शुक्रवार
सकाळी ७

गेले! रिक्षात बसवून दिलं. ते थरथरत होते, पण स्वतःच्या पायांनी चढले. बायकोनं पिशव्या मांडीवर घेतल्या. मागे वळून कुणी पाहिलं नाही, मीच म्हटलं होतं बघू नका.

एक माणूस तरी वाचला. आजची यादी होणार नाही, कारण भूल द्यायला मी नाही.

९.३५

राजीनामा दिला. मोठ्या डॉक्टरांनी सही केली, एक शब्द वाकडा बोलले नाहीत. गाडी साडेदहाला येणार आहे.

लॉकरमधून सामान काढताना गंजलेल्या पत्र्यानं तळहात कापला, चांगलाच. मोठे डॉक्टर म्हणाले, असं जाऊ देणार नाही, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. नको म्हटलं. ते म्हणाले, मी स्वतः देतो, मग तर झालं? अक्का आसपास नव्हत्या. मी त्यांच्या हातांवर नजर ठेवून होते, सुई त्यांनीच टोचली, दंडात. नेहमीपेक्षा औषध जरा जास्त वाटलं, चुरचुरलं. बोळा दाबून खोलीवर आले, कडी घातली नाही, ड्रायव्हर सामान न्यायला येईल.

बॅगा तयार. टॉवेलातली सिरिंज वरच आहे. आईला फोन केला, संध्याकाळी जेवायला येते म्हटलं. ती काहीतरी

डोळे जड झालेत. दोन रात्री झोप नाही.

९.४२

ओळी दोन-दोन दिसतायत. एकीवर एक. पापणी बोटानं उचलून लिहितेय.

पापण्या आधी. मग डबल दिसणं. मग –

नाही. नाही नाही. जुन्या हॉस्पिटलात मी हेच शिकवायचे शिकाऊ डॉक्टरांना, हा क्रम.

सुई त्यांनी टोचली. भरली कुणी? टेबलावर ट्रे होता. चिठ्ठी लावलेला. त्या मोत्यासारख्या अक्षरातली –

दंडातलं आहे, शिरेतलं नाही, म्हणजे हळू चढेल. काही मिनिटं आहेत. उतारा शॉकच्या खोलीत. जिना. उठले होते, मान खाली पडते, गुडघा टेकला, परत खुर्चीत. फोन – आवाज निघत नाही नीट, ड्रायव्हरला ऐकू गेलं नाही, हॅलो हॅलो करून त्यानं ठेवला

कुणी वाचत असाल तर ऐका. मी मेलेली नाही. मी जागी आहे. मी निपचित दिसेन पण मी जागी आहे. मास्क लावा, फुगा दाबा, थांबू नका, बॅगेतली सिरिंज – पत्र – घड्याळजींना विचारा –

गिळता येत नाही

जिन्यावर पावलं. ड्रायव्हर असू दे

अक्का. दार आतून लावलं. हातात फुगा. मास्क. म्हणजे मारणार नाहीत. म्हणजे मला जिवंत – झोपेचं औषध नाही यात, ते कुणी दिलंच नाही –

पेन सुटतंय

खुर्ची ओढून कानाशी बसल्या. लिही बाळ म्हणतात. होऊ दे लिहून. घाई नाही. मग आपण बो